बाळाचा मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहू नका

मोतीबिंदू म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आजी-आजोबा येतात. साठी उलटली, सुईत दोरा ओवता येईना, एस.टी.चा बोर्ड वाचता येईना, की घरचे म्हणतात, "मोतीबिंदू असेल. अजून कच्चा आहे, पिकू द्या, मग काढून टाकू." पुढे कधीतरी शिबिराची गाडी येते, आजी शस्त्रक्रिया करून परततात आणि नातवंडांना लांबूनच ओळखू लागतात. हे चित्र आपल्या घराघरांतले आहे.

पण बाळही मोतीबिंदू घेऊन जन्माला येऊ शकते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. वस्त्यांमध्ये आरोग्याच्या बैठका घेताना आम्ही हे सांगतो तेव्हा बायका एकमेकींकडे बघतात. "सिस्टर, एवढ्याशा लेकराला मोतीबिंदू कसा होईल? तो तर म्हातारपणाचा आजार." आणि एखाद्या घरात खरोखरच असे बाळ असेल, तर त्यालाही आजीचाच नियम लावला जातो. पिकू द्या, लेकरू जरा मोठे होऊ द्या, अंगात ताकद येऊ द्या, मग बघू. आमच्या ओळखीतल्या एका आईला तर दवाखान्यातूनच "वर्षाचे झाल्यावर आणा" असे सांगून परत पाठवले होते.

म्हणून या लेखात आम्हाला एकच गोष्ट मनावर ठसवायची आहे. आजीची शस्त्रक्रिया सहा महिने लांबली, तर सहसा आजीचे सहा महिने अंधुक जातात आणि शस्त्रक्रियेनंतर नजर परत येते. बाळाच्या दाट मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सहा महिने लांबली, तर नंतर ती कितीही चांगली झाली तरी नजर पूर्ण येत नाही. "पिकू द्या" हा सल्ला आजच्या काळात आजीलाही लागू नाही. बाळाच्या बाबतीत तर तो आंधळेपणाकडे नेणारा आहे.

पाहणे शिकावे लागते

डोळ्याच्या काळ्या बाहुलीमागे एक पारदर्शक भिंग असते. बाहेरचा उजेड त्या भिंगातून आत जातो आणि डोळ्याच्या मागच्या पडद्यावर चित्र उमटते. तिथून संदेश मेंदूकडे जातो आणि मेंदू म्हणतो, ही आई, हा दिवा, ही वाटी. भिंग धुरकट झाले की त्याला मोतीबिंदू म्हणतात.

आजीच्या मेंदूने साठ वर्षे जग पाहिलेले असते. पाहायचे कसे, हे त्याला पक्के ठाऊक असते. धुरकट भिंग काढून नवे बसवले की काम भागते. बाळाच्या मेंदूने मात्र अजून काहीच पाहिलेले नसते. पहिल्या काही आठवड्यांत आणि महिन्यांत डोळ्याकडून स्पष्ट चित्र येत राहिले, तरच मेंदूतला पाहण्याचा भाग घडत जातो. चित्र आलेच नाही तर तो भाग नीट घडत नाही. मग पुढे डोळा निरोगी केला तरी मेंदू त्याचे ऐकत नाही. यालाच आळशी डोळा म्हणतात.

डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल या शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिलांवर प्रयोग करून हे दाखवून दिले. पिलाचा एक डोळा कोवळ्या वयात काही काळ बंद ठेवला, तर नंतर उघडूनही मेंदू त्या डोळ्याला दाद देत नसे. मोठ्या मांजराचा डोळा तेवढाच काळ बंद ठेवला तर तसे होत नसे. या कामासाठी दोघांना १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

यावरूनच बाळाच्या शस्त्रक्रियेचे वेळापत्रक ठरते. एकाच डोळ्यात दाट मोतीबिंदू असेल तर साधारण सहा आठवड्यांच्या आत आणि दोन्ही डोळ्यांत असेल तर साधारण आठ आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया झालेली उत्तम. एका डोळ्याची घाई जास्त असते, कारण चांगला डोळा पुढे निघून जातो आणि अधू डोळ्याला मेंदूत जागाच उरत नाही. पहिल्या चार आठवड्यांत मात्र डॉक्टर सहसा शस्त्रक्रिया करत नाहीत. इतक्या कोवळ्या डोळ्यात पुढे काचबिंदू होण्याचा धोका वाढतो आणि भुलीचीही जोखीम असते. म्हणजे हाती असलेली वेळ फार थोडी आहे.

आता आपल्या घरातली रीत आठवा. सव्वा महिना बाळ-बाळंतिणीला बाहेर काढायचे नाही. अंधाऱ्या खोलीत, शेगडीजवळ, कान बांधून ठेवायचे. बाळाच्या डोळ्यांकडे उजेडात नीट बघायला मिळते ते सव्वा महिना उलटल्यावर. तोवर सर्वांत मोलाची वेळ संपत आलेली असते. बाळंतिणीला विश्रांती हवी, बाळाला ऊब हवी, याबद्दल आमचे काहीच म्हणणे नाही. पण डोळ्यात काही वेगळे दिसले, तर सव्वा महिना पुरा होण्याची वाट न बघता बाळाला बाहेर काढावे.

घरी काय पाहायचे?

बाळ जागे आणि शांत असताना त्याला खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात घ्या आणि दोन्ही डोळे नीट पाहा.

बाहुली काळी असायला हवी. तिच्या मध्ये पांढरा, करडा किंवा दुधासारखा ठिपका दिसत असेल तर तो मोतीबिंदू असू शकतो. दोन महिन्यांचे बाळ आईच्या तोंडाकडे टक लावून बघते, हलणाऱ्या वस्तूमागे नजर फिरवते. तसे होत नसेल तर तपासून घ्या. बाळाचे डोळे सतत थरथरत किंवा इकडून तिकडे हलत असतील तर एक दिवसही थांबू नका. दोन्ही डोळ्यांतला दाट मोतीबिंदू उघडला न गेल्याची ती खूण असू शकते. एक डोळा कायम तिरळा राहत असेल, तर "तिरळे लेकरू भाग्याचे" म्हणून हसण्यावारी नेऊ नका.

आता जवळजवळ प्रत्येक घरात मोबाइल आहे. नामकरणाच्या दिवशी सगळे फोटो काढतात. फ्लॅश लावून समोरून काढलेल्या फोटोत बाहुल्या कधी कधी लाल दिसतात. एक बाहुली लाल आणि दुसरी पांढरी दिसत असेल, तर तो फोटो पुसून टाकू नका. तोच डॉक्टरांना दाखवा.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगावी लागेल. बाहुली पांढरी दिसण्याचे कारण दर वेळी मोतीबिंदूच असते असे नाही. लहान मुलांच्या डोळ्याच्या पडद्यात होणाऱ्या कर्करोगातही बाहुली तशीच पांढरी दिसते. तो वेळेत सापडला तर जीव वाचतो आणि अनेकदा डोळाही वाचतो. म्हणून पांढरी बाहुली दिसली की, "मोतीबिंदूच असेल, बघू नंतर" असे घरी ठरवून बसू नका. तपासणी त्याच आठवड्यात झाली पाहिजे.

आणि डोळ्यात काही घालू नका. मध, एरंडेल, अंगावरचे दूध, काजळ, कोणाचे अंजन, काहीही नको. मोतीबिंदू विरघळवणारे औषध आजवर निघालेले नाही. अशा वस्तूंमुळे बुबुळाला जखम होऊन त्यावर फूल पडले, तर एका आजाराचे दोन आजार होतात.

तपासणार कोण?

जन्मानंतर प्रत्येक बाळाच्या डोळ्यांत प्रकाश टाकून बाहुलीतून लाल चमक दिसते का, हे पाहायला हवे. अंधाऱ्या खोलीत, हातातल्या छोट्या यंत्राने ही तपासणी एक-दोन मिनिटांत होते. सुट्टी मिळण्याआधी "बाळाचे डोळे तपासले का?" एवढे विचारायला लाजू नका. तो तुमचा हक्क आहे.

दवाखान्यात बाळंतपण झाले तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. बेचाळिसावा दिवस म्हणजे बरोबर सहा आठवडे. म्हणून डोळ्यांची शंका शेवटच्या भेटीसाठी राखून ठेवू नका, पहिल्याच भेटीत सांगा. आपल्याकडे मुली बाळंतपणाला माहेरी जातात. सासरच्या आशाताई म्हणतात बाळ तिकडे आहे, माहेरच्या म्हणतात नाव इकडे नाही, आणि बाळ दोन्ही यादींतून सुटते. माहेरी गेल्यावर तिथल्या आशाताईंना स्वतःहून निरोप द्या.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात मोतीबिंदूचा समावेश आहे. या कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलांना तपासतात. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना पुढील उपचार मोफत मिळावेत, ही त्यामागची योजना आहे. पण लक्षात घ्या, पथक अंगणवाडीत येईपर्यंत बाळ अनेक महिन्यांचे झालेले असू शकते. पथकाची वाट न बघता प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घ्या आणि जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्र गाठा. बाळाची शस्त्रक्रिया जिल्ह्यात होत नसेल, तर तिथून वैद्यकीय महाविद्यालयात किंवा मोठ्या नेत्र रुग्णालयात पाठवतात. "लहान बाळांच्या डोळ्यांचे डॉक्टर आणि लहान बाळांना भूल देणारे डॉक्टर दोघेही जिथे आहेत, तिथेच पाठवा," असे स्पष्ट सांगा.

हा दोष कोणाचा?

बाळाच्या डोळ्यात खोट दिसली की घरातली बोटे आईकडे वळतात. ग्रहणात बाहेर पडली होती, ग्रहणात भाजी चिरली, नको ते खाल्ले, मागच्या जन्मीचे भोग. यातले एकही कारण खरे नाही. ग्रहणाची सावली चंद्रावर किंवा पृथ्वीवर पडते, पोटातल्या बाळाच्या भिंगावर पडत नाही. आणि आजाराला मागच्या जन्माच्या पापाचे फळ मानायचे म्हटले, तर मग उपचार तरी कशाला करायचे? ही विचारसरणी माणसाला हातपाय गाळून बसायला लावते. तिचा जाच काय असतो हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

खरी कारणे वेगळी आहेत. काही घरांत मोतीबिंदू आनुवंशिक असतो, म्हणून आई-वडील आणि भावंडांचेही डोळे तपासतात. जवळच्या नात्यात लग्न झाले असेल तर काही आनुवंशिक आजारांची शक्यता वाढते. काही बाळांना डाउन सिंड्रोम असतो. काहींना दुधातली साखर न पचण्याचा एक दुर्मीळ आजार असतो. तो लवकर ओळखून डॉक्टरांनी दूध बंद करून दुसरा आहार दिला, तर मोतीबिंदू कमीही होऊ शकतो. पण हे डॉक्टरांनीच ठरवायचे, आईने मनाने अंगावरचे दूध तोडायचे नाही. अनेक बाळांत, विशेषतः एकाच डोळ्यात मोतीबिंदू असेल तर, कारण सापडतच नाही.

एक कारण मात्र आपल्याला टाळता येते. ते म्हणजे रुबेला. अंगावर बारीक पुरळ, थोडा ताप, मानेत गाठी, दोन-तीन दिवसांत बरा होणारा हा साधा आजार. पण गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत तो आईला झाला, तर बाळाला मोतीबिंदू, बहिरेपणा आणि हृदयाचा आजार होऊ शकतो. १९४१ साली ऑस्ट्रेलियातील नॉर्मन ग्रेग या नेत्रतज्ज्ञांनी हा संबंध प्रथम ओळखला. त्यांच्याकडे एकाच सुमारास मोतीबिंदू असलेली बरीच बाळे आली. त्यांनी आयांची विचारपूस केली, तेव्हा त्यांतल्या बहुतेकींना गर्भारपणात रुबेला होऊन गेल्याचे कळले. आयांचे बोलणे लक्ष देऊन ऐकले, म्हणून जगाला हे कारण सापडले.

आज यावर लस आहे. गोवर-रुबेला लसीची मोहीम भारतात २०१७ साली सुरू झाली. पहिल्या टप्प्यात गोवा होते, महाराष्ट्रात ती नोव्हेंबर २०१८ मध्ये आली. आता नऊ महिने पूर्ण झाल्यावर पहिला डोस आणि १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान दुसरा डोस सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो. गरोदर असताना ही लस घेत नाहीत. म्हणून आजच्या लहान मुलीला वेळेवर दिलेले दोन डोस तिच्या उद्याच्या बाळाचे डोळे राखतात.

शस्त्रक्रिया कशी होते?

प्रत्येक मोतीबिंदू काढावाच लागतो असे नाही. ठिपका बारीक आणि कडेला असेल, तर डॉक्टर चष्मा किंवा पट्टी देऊन लक्ष ठेवतात. बाहुलीच्या मधोमध दाट पांढरेपणा असेल तर मात्र शस्त्रक्रियेशिवाय इलाज नाही.

आधी बाहुली मोठी करणारे थेंब घालून डोळा तपासतात. आतला पडदा दिसत नसेल तर डोळ्याची सोनोग्राफी करतात, त्यात गाठ नाही ना हेही कळते. बालरोगतज्ज्ञ हृदय, वजन, रक्त पाहतात, गरजेनुसार कानांची तपासणी होते. आजीला इंजेक्शनने किंवा थेंबांनी फक्त डोळा बधिर करून चालते. बाळाला पूर्ण भूल द्यावी लागते. आयांना सर्वांत जास्त भीती याचीच वाटते, आणि ती साहजिक आहे. धोका शून्य नाही, पण लहान बाळांच्या भुलीचा अनुभव असलेले डॉक्टर आणि नीट सज्ज असलेले शस्त्रक्रियागृह असेल तर तो कमी असतो. आईच्या हातात असलेली एक मोठी गोष्ट म्हणजे बाळाला सांगितलेल्या वेळेपासून उपाशी ठेवणे. साधारणपणे अंगावरचे दूध चार तास आधी आणि वरचे दूध सहा तास आधी थांबवतात. नेमकी वेळ भूलतज्ज्ञ सांगतील, ती पाळा. बाळ रडते म्हणून आजीने गुपचूप चमचाभर दूध पाजले, तर भुलेत ते उलटून श्वासनलिकेत जाऊ शकते. पाजलेच असेल तर लपवू नका, लगेच सांगा.

शस्त्रक्रियेत बारीक छेद घेऊन धुरकट भिंग चोखून काढतात. बाळाचे भिंग मऊ असते, ते सहज निघते. बाळांमध्ये भिंगामागची पातळ पिशवी फार लवकर पुन्हा पांढरी होते, म्हणून तिच्या मध्यभागी गोल खिडकी करतात आणि मागच्या जेलीसारख्या भागातला थोडा भाग काढतात. बाळाच्या डोळ्याची भिंत मऊ असल्यामुळे छेदाला बारीक टाके घालतात. दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया असेल तर बहुधा काही दिवसांच्या अंतराने एकेक डोळा करतात.

नंतर काही आठवडे थेंब घालावे लागतात. हात साबणाने धुवायचे, मग थेंब. डोळा फार लाल झाला, पापणी सुजली, पू आला, बाळ दूध सोडून सारखे रडू लागले, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

नवे भिंग लगेच का बसवत नाहीत?

"आजीला लेन्स बसवली, मग आमच्या लेकराला का नाही? गरीब म्हणून का?" हा प्रश्न आम्हाला अनेकदा विचारला जातो. प्रश्न योग्य आहे. आपल्या माणसांना कमी प्रतीचे उपचार गळ्यात मारले जातात, हा अनुभव काही खोटा नाही. पण इथे कारण वेगळे आहे.

जन्मतः बाळाचा डोळा समोरून मागे साधारण १७ मिलिमीटर लांब असतो. मोठेपणी तो २३ ते २४ मिलिमीटर होतो. आज बसवलेल्या भिंगाचा नंबर उद्या वाढलेल्या डोळ्याला जुळत नाही. शिवाय कोवळ्या डोळ्यात सूज आणि पुन्हा पांढरेपणा येण्याचे प्रमाण जास्त असते. अमेरिकेत यावर एक मोठा अभ्यास झाला. एका डोळ्यात मोतीबिंदू असलेल्या, एक ते सहा महिने वयाच्या ११४ बाळांपैकी निम्म्यांना शस्त्रक्रियेतच भिंग बसवले आणि निम्म्यांना कॉन्टॅक्ट लेन्स दिली. पाच वर्षांच्या वयाला दोन्ही गटांच्या नजरेत फरक आढळला नाही. मात्र भिंग बसवलेल्या गटातील ७२ टक्के मुलांना डोळ्याच्या आत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली, दुसऱ्या गटात हे प्रमाण २१ टक्के होते. म्हणून सात महिन्यांच्या आतल्या बाळाला सहसा भिंग न बसवता सोडतात आणि पुढे डोळा वाढल्यावर ते बसवण्याचा विचार करतात. हेच उपचार श्रीमंताच्या बाळालाही मिळतात.

अर्धे काम घरी असते

भिंग काढले म्हणजे डोळ्यासमोरचा पडदा सरला. पण भिंगाशिवाय चित्र पडद्यावर नीट उमटत नाही. म्हणून शस्त्रक्रियेनंतर लवकरात लवकर चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स लागते. दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झालेल्या बाळाला जाड प्लस नंबरचा चष्मा देतात. सुरुवातीला नंबर वीसच्या आसपासही असू शकतो आणि डोळा वाढेल तसा तो उतरत जातो, म्हणून काच वरचेवर बदलावी लागते. एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर चष्म्याने दोन डोळ्यांतल्या चित्रांचे आकार फार वेगळे होतात. तिथे कॉन्टॅक्ट लेन्स अधिक उपयोगी ठरते. पण ती रोज हाताळायला स्वच्छता हवी, हरवली तर पैसे हवेत. जिथे पाणी दोन दिवसांआड येते, तिथे काय जमेल हे डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला.

एका डोळ्याच्या मोतीबिंदूत आणखी एक काम असते, ते म्हणजे पट्टी. पट्टी लावायची ती चांगल्या डोळ्यावर, म्हणजे अधू डोळ्याला काम करावेच लागते. किती तास, हे डॉक्टर ठरवतात. वर सांगितलेल्या अभ्यासात आठ महिन्यांच्या वयापर्यंत बाळाच्या वयाच्या दर महिन्यामागे रोज एक तास असा हिशेब होता, म्हणजे चार महिन्यांच्या बाळाला चार तास. पुढे बाळ जागे असण्याच्या निम्म्या वेळ पट्टी होती. हे काम काही वर्षे चालते.

बाळ पट्टी ओढते, चष्मा फेकते, रडते. शेजारीण म्हणते, "काय लेकराचे हाल मांडलेत?" सासूबाई म्हणतात, "एवढ्याशा तोंडावर एवढा चष्मा, मुलगी आहे, उद्या कोण करणार हिला?" आणि आई हळूहळू चष्मा फडताळात ठेवून देते. शस्त्रक्रिया वाया जाते ती इथे. आम्ही सुचवतो ते असे : चष्म्याला मागून मऊ इलॅस्टिकचा पट्टा लावा. पट्टी लावल्यावर लगेच खेळणे, गाणे, दूध, फिरणे, काहीतरी आवडीचे सुरू करा. भिंतीवर कॅलेंडर टांगून रोज किती तास झाले ते लिहा. आणि हे काम एकट्या आईवर टाकू नका. संध्याकाळची पट्टी बाबांची, रविवारची आजोबांची, अशी वाटणी केलेल्या घरांत पट्टी टिकते, हे आम्ही पाहिले आहे.

तपासणीच्या तारखाही तितक्याच महत्त्वाच्या. शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनीच नव्हे, तर कित्येक वर्षांनीही काचबिंदू होऊ शकतो. डोळ्यातून सारखे पाणी येणे, उजेड सहन न होणे, बुबुळ मोठे किंवा धुरकट दिसणे या त्याच्या खुणा आहेत. कधी कधी तो काही खूण न दाखवताच नजर खातो. म्हणून या मुलांच्या डोळ्यांची तपासणी जन्मभर सोडायची नाही. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या घरांनी निघण्यापूर्वी पुढची तारीख, फाइल आणि जाणार त्या भागातला दवाखाना विचारून ठेवावा.

पैसा, रोजगार आणि मुलगी

उपचार मोफत असले तरी मोठ्या शहरात बाळ नेणे म्हणजे दोघांचा रोज बुडणे, प्रवास, राहणे, जेवण. हे आम्हाला माहीत आहे. म्हणून हक्क माहीत असले पाहिजेत. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात औषधे, तपासण्या, उपचार आणि वाहन मोफत देण्याची तरतूद आहे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. दाखल होण्यापूर्वीच त्याच्याकडे जा, शस्त्रक्रिया योजनेत बसते का ते विचारा. धर्मादाय रुग्णालयांत गरीब रुग्णांसाठी राखीव खाटा असतात. रेशन कार्ड, आई-वडिलांचे आधार कार्ड, बाळाचा जन्मदाखला आणि माता-बाल कार्ड एका पिशवीत घालून ठेवा. चष्म्याचा आणि पुढच्या लेन्सचा खर्च योजनेत आहे का, हेही तेव्हाच विचारा.

एक गोष्ट बोलायला कडू आहे, पण बोललीच पाहिजे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला येणाऱ्या बाळांत मुलगे जास्त आणि मुली कमी दिसतात, मुलींना उशिराही आणले जाते. भारतासह अनेक देशांतल्या पाहण्यांत हे आढळले आहे. आजार मुलगा-मुलगी बघून होत नाही, घरचे बघतात. समतेची भाषा बोलणाऱ्या आपल्या घरांत तरी लेकीची चिठ्ठी कपाटात पडून राहता कामा नये.

उशीर झाला असेल तर?

कोणाचे मूल आज चार वर्षांचे असेल, दहा वर्षांचे असेल आणि मोतीबिंदू तसाच असेल, तर हे वाचून खचू नका. दिल्लीच्या श्रॉफ धर्मादाय नेत्र रुग्णालयाच्या मदतीने प्रा. पवन सिन्हा यांनी 'प्रकाश' नावाचा प्रकल्प चालवला. त्यात जन्मापासून दृष्टी नसलेल्या मोठ्या मुलांच्या शस्त्रक्रिया झाल्या. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात असे दिसले, की हाताने ओळखलेली वस्तू ही मुले शस्त्रक्रियेनंतर लगेच डोळ्यांनी ओळखू शकली नाहीत, पण काही दिवसांतच ते त्यांना जमू लागले. नजरेची धार पूर्ण येत नाही, पण वाट दिसणे, माणसे ओळखणे यानेही आयुष्य बदलते. म्हणून उशीर झाला तरी तपासणी करून घ्या. नजर कमीच राहिली तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली प्रमाणपत्र काढा. शाळेत पुढच्या बाकावर जागा, मोठ्या अक्षरांची पुस्तके, परीक्षेत जास्त वेळ, हे मागून घ्या. शिक्षण थांबता कामा नये.

आपण वस्तीत काय करू शकतो? महिला मंडळाने गरोदर बायकांची आणि नुकत्याच बाळंत झालेल्या मुलींची यादी करावी, माहेरी आलेल्यांची नावे त्यात आवर्जून घ्यावीत. पहिल्या पंधरा दिवसांत कोणीतरी जाऊन बाळाचे डोळे उजेडात पाहावेत. शंका आली तर त्याच आठवड्यात आई-बाळासोबत एक जण दवाखान्यात जावे, कारण एकटी बाळंतीण चिठ्ठ्यांच्या रांगेत हरवून जाते. आणि कोणी म्हणाले, "पिकू द्या," तर त्यांना सांगा, आजीचा मोतीबिंदू वेगळा आणि बाळाचा वेगळा. बाळाकडे फक्त सहा ते आठ आठवडे आहेत.